ठरलं ते कुठे लिहिलं?

भोसरीत, सातपूरला, वाळूजला किंवा गोकुळ शिरगावात मोठ्या कंपनीला सुटे भाग पुरवणारं एखादं युनिट डोळ्यांसमोर आणा. तीस-चाळीस माणसं, चार सीएनसी मशिनं, क्वालिटीची एक छोटी खोली, ऑफिसात दोघं-तिघं. ग्राहकाच्या इंजिनिअरने ड्रॉइंगमध्ये बदल केला, एका बोअरचा टॉलरन्स कमी केला. तो त्याने मालकांना फोनवर सांगितला. नव्या ड्रॉइंगचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. ‘मेल करतो’ म्हणाला आणि मेल दोन दिवसांनी परचेस बघणाऱ्या मुलीला केला. मालकांनी फोटो सुपरवायझरला फॉरवर्ड केला. तो त्या आठवड्यात सेकंड शिफ्टला होता. फर्स्ट शिफ्टच्या ऑपरेटरने मशिनशेजारी लावलेल्या जुन्या ड्रॉइंगवरून माल काढला. रिजेक्शन आलं तेव्हा प्रत्येकाजवळ आपण निरोप दिल्याचा पुरावा होता, आणि कुणाचाही पुरावा खोटा नव्हता.

या सगळ्यात फोन होता, व्हॉट्सॲप होतं, ईमेलही होता. ‘आज चालू ड्रॉइंग कोणतं?’ याचं उत्तर सगळ्यांना माहीत असलेल्या एका जागी मिळेल, एवढी सोय मात्र नव्हती. बोलणं कुठेही होवो, फोनवर, चहाच्या टपरीवर, ग्रुपवर. ठरलेली गोष्ट एका ठिकाणी लिहिली गेली पाहिजे आणि सहा महिन्यांनी, त्या बोलण्यात नसलेल्या माणसालाही ती सापडली पाहिजे. लहान उद्योगात याची गरज मोठ्या कंपनीपेक्षा जास्त आहे. एका लॉटचं रिजेक्शन तिकडच्या ताळेबंदात दिसतही नाही. इकडे त्यात महिन्याचे पगार अडकतात.

सुरुवात फोननंतरच्या मेलपासून करा. आपल्याकडचं बरंचसं काम फोनवर ठरतं, आणि ते ठीकच आहे. दराची घासाघीस करताना, नाराज ग्राहकाला समजावताना, एखादी किचकट अडचण सोडवताना समोरच्याचा आवाज ऐकू यावा लागतो. दहा मेल करून न सुटलेली गोष्ट पाच मिनिटांच्या फोनवर सुटते. पण फोन ठेवल्यावर, दुसरा फोन येण्याआधी, चार ओळींचा मेल गेला पाहिजे. असा:

‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे पुढील गोष्टी ठरल्या. बोअरचा टॉलरन्स रिव्हिजन सी प्रमाणे राहील. रिव्हिजन बी चे तयार असलेले २०० नग आपण स्वीकाराल. रिव्हिजन सी चा पहिला लॉट आम्ही १८ जूनला पाठवू. यात काही वेगळं असल्यास उद्या संध्याकाळपर्यंत कळवावं.’

यातलं शेवटचं वाक्य गाळू नका. अनुभव असा आहे की अशा मेलला उत्तर येतं तेव्हा ते बहुतेकदा त्या २०० नगांबद्दल असतं: ‘नाही, तेवढे नाही, १२० घेऊ.’ फोनवर दोघांनीही ‘हो हो’ म्हटलेलं असतं आणि दोघांच्या मनात आकडे वेगळे असतात. तो फरक आज उघडा पडला तर एका मेलवर मिटतो. माल गेल्यावर उघडा पडला तर संबंध बिघडतात.

मेल लिहिताना सर्वांत जास्त विचार विषयाच्या ओळीवर खर्च करावा. सरकारी पत्रांच्या भाषेला आपण कंटाळतो, पण त्या पत्रांच्या डोक्यावरच्या ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी फार शहाण्या माणसांनी ठरवल्या आहेत. आवक-जावक रजिस्टर ठेवणारा कारकून पत्र न वाचता ते योग्य नस्तीत लावू शकत असे, ते या दोन ओळींच्या जोरावर. मेलबॉक्समध्ये तो कारकून म्हणजे शोधाची चौकट. तिला शोधायला काहीतरी द्यावं लागतं. ‘अर्जंट’, ‘ड्रॉइंग’, ‘नमस्कार सर’ या विषयांचे मेल तिला कधीच नीट सापडत नाहीत. ‘पीओ ४५१२, फ्लँज, रिव्हिजन सी: १२ जूनपर्यंत मान्यता हवी’ हा विषय सापडतो. पीओ क्रमांक आणि पार्टचं नाव विषयात नेहमी त्याच पद्धतीने लिहायचं, हे ऑफिसातल्या सगळ्यांनी एकदा बसून ठरवून टाकावं. आणि बोलणं दुसऱ्या ऑर्डरवर गेलं की नवा मेल सुरू करावा. दिवाळीच्या शुभेच्छांच्या मेलवर ‘रिप्लाय’ दाबून पेमेंटची आठवण करून दिली, तर ती शुभेच्छांच्या गठ्ठ्यातच राहते.

मजकुरात आधी काय हवं ते लिहा, कारण नंतर. आपल्याला उलट सवय असते. आधी पार्श्वभूमी, मग अडचण, मग दिलगिरी, आणि मागणी अगदी तळाशी. मोबाइलवर मेल उघडणारा माणूस पहिल्या चार ओळी वाचतो, तेव्हा मागणी तिथेच दिसली पाहिजे. ‘आवश्यक ती कार्यवाही व्हावी’ हे वाक्य टाळा, कारण कोणती कार्यवाही, कोणी, कधीपर्यंत, यातलं काहीच त्यात नाही. तीन प्रश्न असतील तर त्यांना १, २, ३ असे आकडे द्या. न दिल्यास पहिल्याच प्रश्नाचं उत्तर येतं आणि बाकीच्या दोनांसाठी पुन्हा लिहावं लागतं.

मेल कोणाला जातो यालाही अर्थ असतो. ‘टू’मध्ये ज्याने काम करायचं तो, शक्यतो एकच. चार जण ‘टू’मध्ये असले की चौघांनाही वाटतं दुसरा कोणी करतोय. ‘सीसी’ म्हणजे पत्राखालची ‘प्रत माहितीसाठी’. तिथल्या माणसाकडून कामाची अपेक्षा ठेवू नये. समोरच्यावर दबाव यावा म्हणून त्याच्या वरिष्ठांना सीसीत घ्यायची पद्धत पडली आहे, पण ते पाऊल शेवटचं असावं. आधी एक साधं स्मरणपत्र, मग फोन, आणि त्यानंतरच वरिष्ठ. एकदा वरिष्ठांसमोर उघडा पडलेला माणूस पुढे आपल्याशी मोकळेपणाने बोलत नाही, आणि खरी अडचण काय आहे ती बातमी आपल्याला त्याच्याकडूनच मिळणार असते. पन्नास ग्राहकांना दरवाढीचं पत्र एकदम पाठवायचं असेल तर सगळे पत्ते ‘बीसीसी’त घाला. नाहीतर तुमची ग्राहकांची यादी तुम्हीच पन्नास जणांच्या हाती दिलेली असते. आणि ‘रिप्लाय ऑल’ दाबण्याआधी यादीवर नजर टाका. नोव्हेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेत एक चाचणीचा मेल चुकून सुमारे ८ लाख ४० हजार खात्यांवर गेला, आणि ‘मला या यादीतून काढा’ असं सगळ्यांना उत्तर देणाऱ्यांमुळे यंत्रणा रखडली. आपल्या ऑफिसात एवढं काही होणार नाही, पण ग्राहकासकट सगळ्यांना गेलेलं ‘याचा रेट आपल्याला परवडत नाही’ हे घरातलं वाक्य परत घेता येत नाही. जीमेलमध्ये पाठवलेला मेल मागे घेण्याची सोय आहे, ती मूळ सेटिंगमध्ये फक्त ५ सेकंदांची असते. ती ३० सेकंदांवर नेऊन ठेवा. रागात लिहिलेल्या मेलला मात्र ३० सेकंद पुरत नाहीत. तो मसुदा म्हणून ठेवावा, पत्त्याची जागा रिकामी ठेवून, आणि सकाळी वाचावा.

आता पैशांचा मुद्दा, कारण लेखी नोंदीची खरी किंमत तिथे कळते. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योग विकास कायदा २००६ चा आहे. त्यातल्या तरतुदीनुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाकडून माल घेणाऱ्याने लेखी ठरलेल्या मुदतीत पैसे द्यायचे असतात, आणि ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे नेता येत नाही. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज लागतं. हे बऱ्याच उद्योजकांना माहीत असतं. त्यांना माहीत नसतं ते पुढचं: माल ‘स्वीकारला’ असा दिवस कोणता? कायदा म्हणतो, माल पोचला तो दिवस. पण खरेदीदाराने १५ दिवसांच्या आत लेखी हरकत घेतली, तर ती हरकत दूर होईल तो दिवस. म्हणजे वाद आला की सगळं दोन कागदांवर येऊन ठेपतं. माल कधी पोचला, आणि हरकत लेखी होती का व कधीची होती.

म्हणून प्रत्येक डिस्पॅचनंतर एक छोटा मेल जायलाच हवा: चलन क्रमांक, नग, गाडीचा नंबर, पोचल्याची तारीख, सोबत सही-शिक्क्याच्या चलनाचं स्कॅन. ग्राहकाकडून क्वालिटीची तक्रार फोनवर आली तर त्यालाही त्याच दिवशी लेखी उत्तर द्या: ‘आज फोनवर आपण १५ नगांबद्दल तक्रार सांगितलीत, ते नग आम्ही अमुक तारखेला बदलून देत आहोत.’ यात भांडण नाही. नंतरचं भांडण टाळणारी नोंद आहे. तुम्ही स्वतः खरेदीदाराच्या जागी असाल, कास्टिंग किंवा बार बाहेरून घेत असाल, तर हेच उलट लागू होतं. हरकत असेल तर १५ दिवसांत लिहून कळवा.

मेल ‘लेखी’ धरला जातो का, ही शंका अजूनही विचारली जाते. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० मध्ये झाला. त्याचं कलम ४ सांगतं की एखादी गोष्ट लेखी हवी असं कुठल्या कायद्यात म्हटलं असेल, तर ती इलेक्ट्रॉनिक रूपात असली तरी चालते, फक्त ती पुढे संदर्भासाठी पाहता आली पाहिजे. कायद्याची अटही शेवटी हीच आहे, नंतर सापडलं पाहिजे. याची दुसरी बाजूही लक्षात ठेवा. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांता ॲल्युमिनियम या बॉक्साइट पुरवठ्याच्या खटल्यात ईमेलवरून ठरलेला करार बंधनकारक मानला. रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. तेव्हा दर, मुदत आणि नग लिहिलेल्या मेलला ‘ओके’ म्हणताना आपण करार करतो आहोत, हे जाणून म्हणा. बोलणी चालू असतील तर तसं स्पष्ट लिहा: ‘हा प्रस्ताव आहे, अंतिम मान्यता पीओ आल्यावर.’

व्हॉट्सॲपविरुद्ध माझं काही म्हणणं नाही. गाडी गेटवर आली, कूलंट संपला, टूल तुटलं त्याचा फोटो, आज कोण रजेवर आहे, यासाठी त्याच्याइतकं सोयीचं दुसरं काही नाही, आणि शॉपवरच्या प्रत्येकाला ते वापरता येतं. व्हॉट्सॲपचा निरोपही इलेक्ट्रॉनिक नोंदच आहे. अडचण सापडण्याची आहे. तो निरोप एका माणसाच्या खासगी नंबरवर असतो. फोन हरवला, बॅकअप नव्हता, तर गेला. गायब होणारे मेसेज चालू असतील तर २४ तास, ७ दिवस किंवा ९० दिवसांनी आपोआप गेला. पाठवणाऱ्याला तो पहिली १५ मिनिटं बदलताही येतो. आणि माणूस नोकरी सोडून गेला की ग्राहकाशी झालेला तीन वर्षांचा संवाद त्याच्या खिशातून बाहेर जातो. म्हणून एक रेघ आखून घ्या: दर, तारीख, नग, ड्रॉइंग आणि क्वालिटीचा निर्णय, या पाच गोष्टी व्हॉट्सॲपवर आल्या तरी मेलवर गेल्याच पाहिजेत. ग्राहकाला सांगायला संकोच वाटत असेल तर तुम्हीच त्याचा निरोप मेलमध्ये उतरवा आणि ‘आपल्या आजच्या निरोपाप्रमाणे’ असं लिहून त्याला पाठवा. तक्रार कोणी करत नाही. उलट चार-सहा वेळा असं झालं की तो स्वतःच मेल करू लागतो.

ग्रुपबद्दल तीन लहान गोष्टी. ड्रॉइंग फोटो म्हणून पाठवलं की व्हॉट्सॲप ते दाबून लहान करतं आणि ३ चा ८ दिसू शकतो. पीडीएफ करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा. ग्राहक ज्या ग्रुपवर आहे आणि ज्यावर फक्त आपली माणसं आहेत, त्यांची नावं आणि ग्रुपचे फोटो एकमेकांपासून इतके वेगळे ठेवा की घाईत चूक होऊ नये. आणि कामगारांच्या आधार कार्डाचे, पासबुकाचे फोटो ग्रुपवर मागवणं आजच बंद करा. वैयक्तिक डेटाच्या संरक्षणासाठी २०२३ मध्ये कायदा झाला आहे, पण कायदा नसता तरी दुसऱ्याच्या खात्याचा नंबर चाळीस फोनांवर फिरू देणं चूकच होतं.

मेलचा पत्ता कोणाच्या नावाचा आहे, हा प्रश्न लहान युनिटमध्ये कधी विचारलाच जात नाही. अकाउंटंटने सुरुवातीला स्वतःच्या सोयीने एक जीमेल उघडलेलं असतं, जीएसटीपासून बँकेपर्यंत सगळीकडे तोच पत्ता दिलेला असतो आणि पासवर्ड विसरल्यावर ओटीपी त्याच्याच मोबाइलवर जातो. तो गेला की व्यवसायाची चावी त्याच्याबरोबर जाते, त्याच्या मनात काही वाईट नसलं तरी. कंपनीच्या नावाचं डोमेन घ्या. त्याचा वर्षाचा खर्च एका रिजेक्ट झालेल्या लॉटपुढे काहीच नाही. त्यावर माणसांच्या नावाबरोबर कामाच्या नावाचे पत्ते उघडा: परचेस, अकाउंट्स, क्वालिटी. ग्राहकाला हे पत्ते द्या. माणूस बदलतो, पत्ता राहतो, जुने मेलही राहतात. ॲडमिनचं खातं मालकांच्या हाती, दुहेरी पडताळणी चालू, आणि रिकव्हरीचा मोबाइल नंबर कंपनीचा. हे काम एका दुपारचं आहे.

पत्त्याचा विषय निघालाच आहे तर फसवणुकीचं सविस्तर सांगतो, कारण यात एका मेलवर वर्षाची कमाई जाते. तुमच्या नेहमीच्या पुरवठादाराकडून मेल येतो: ‘आमचं बँक खातं बदललं आहे, यापुढचं पेमेंट या खात्यात करावं.’ लेटरहेड तेच, सही तीच, मागच्या इन्व्हॉइसचा उल्लेखही बरोबर, कारण दोघांपैकी कोणाची तरी मेलबॉक्स आधीच कोणीतरी वाचत बसलेलं असतं. पत्त्यात एका अक्षराचा फरक असतो. इंग्रजी ‘एम’च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारीशेजारी लावले की घाईत ते एमच दिसतात. कधी पत्ताही खराच असतो, खातंच ताब्यात गेलेलं असतं. तेव्हा पत्ता तपासणं पुरेसं नाही. खातं बदलल्याचा मेल आला की त्या मेलमधल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर, ओळखीच्या माणसाला फोन करून विचारायचं. तोपर्यंत पेमेंट थांबवायचं, समोरून कितीही घाई होवो. हा नियम अकाउंट्सच्या टेबलावर कागदावर लिहून लावा आणि मालकांनी स्वतः सांगितलं तरी मोडायचा नाही असं ठरवा, कारण ‘मालकांचा’ मेलही असाच येतो. चूक झालीच तर लाजेने एक दिवस घालवू नका. बँकेला लगेच कळवा आणि १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तर येतात, आणि ते पहिल्या काही तासांवर असतं.

फायलींच्या बाबतीत एकच सवय लावली तरी निम्मा गोंधळ मिटतो. नावात पार्ट क्रमांक, रिव्हिजन आणि तारीख, तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने, म्हणजे फायली आपोआप क्रमाने लागतात. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘फायनल करेक्ट’ ही नावं कोणालाच काही सांगत नाहीत. जीमेलवर २५ एमबीपेक्षा मोठी फाइल जोडता येत नाही, ती ड्राइव्हच्या लिंकने जाते. लिंक पाठवण्याआधी समोरच्याला उघडायची परवानगी आहे का ते पाहा आणि ‘लिंक असलेल्या कोणालाही’ ही परवानगी ड्रॉइंगला देऊ नका. रोज बदलणारी माहिती, म्हणजे प्रॉडक्शन प्लॅन, पेंडिंग ऑर्डरी, टूल्सचा साठा, मेलने पाठवूच नका. ती एका सामायिक शीटमध्ये ठेवा, ऑफिसात आणि शॉपवर तीच शीट उघडलेली असू द्या. दर आणि नगांचे रकाने कुलूपबंद ठेवा, सुपरवायझरला फक्त त्याच्या रकान्यात लिहिता यावं. कोणी चुकून काही खोडलं तर जुन्या आवृत्त्या पाहण्याची सोय शीटमध्येच असते. ती कुठे आहे ते एकदा सगळ्यांना दाखवून ठेवा. आणि चालू ड्रॉइंगांचं एक फोल्डर असावं, ज्यात प्रत्येक पार्टची एकच फाइल असेल. जुनी रिव्हिजन दुसऱ्या फोल्डरमध्ये जाईल, आणि मशिनशेजारचा कागद बदलण्याची जबाबदारी एका नेमून दिलेल्या माणसाची असेल. कागद बदलल्यावर त्याने मशिनशेजारी उभं राहून फोटो काढायचा आणि ड्रॉइंगच्या मूळ मेलला उत्तर म्हणून तो जोडायचा. सुरुवातीच्या उदाहरणातल्या त्या लॉटला एवढी एकच पायरी वाचवू शकली असती.

पुण्यात जर्मन कंपन्या खूप आहेत आणि त्यांच्या पुरवठादारांना कधी ना कधी थेट जर्मनीशी लिहावं लागतं. वेळ लिहिताना नेहमी कोणाची वेळ ते लिहा. आपल्यात आणि जर्मनीत उन्हाळ्यात साडेतीन तासांचा आणि हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो, कारण त्यांची घड्याळं मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. कॅलेंडरमधून मीटिंगचं आमंत्रण पाठवलं की हा हिशेब आपोआप होतो. तोंडी ‘दोन वाजता’ ठरवलं तर कोणीतरी एकटाच बसून राहतो. तारखेत महिना अक्षरांत लिहा. ०४/०६ हा आपल्याकडे ४ जून आणि अमेरिकेत ६ एप्रिल. रक्कम लाख-कोटींत लिहू नका, पूर्ण आकडा आणि चलन लिहा.

रात्री अकराच्या निरोपांचं काय करायचं? मालकांच्या डोक्यात रात्री विचार येतो, ते ग्रुपवर टाकतात, आणि सकाळपर्यंत उत्तर नको असलं तरी सुपरवायझरची झोप मोडते. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर फोन-मेलपासून अलग राहण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे. आपल्याकडे बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी याच हक्कासाठी लोकसभेत खासगी विधेयक मांडलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. पण त्यासाठी थांबायचं कारण नाही. मेलला वेळ लावून ठेवण्याची सोय आहे. रात्री लिहा, सकाळी साडेआठला जाऊ द्या. खरोखर तातडीचं असेल तर फोन करा. ‘फोन आला म्हणजेच तातडी’ हे एकदा सगळ्यांना कळलं की रात्री मोबाइल चाळत बसण्याची गरज कोणालाच उरत नाही.

आणि शेवटी सुपरवायझर, ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त वाटतं. मशिनवर काय चाललंय ते सगळ्यांत नीट त्याला माहीत असतं आणि सगळ्यांत कमी तोच लिहितो. इंग्रजी चुकेल, ऑफिसातली मुलं हसतील, ही भीती त्यामागे असते. मग तो फोन करतो, तोंडी सांगतो, आणि त्याचं म्हणणं कुठेच राहत नाही. ‘फिक्श्चर हललंय, मी आठ दिवसांपूर्वीच सांगितलं होतं’ हे त्याचं वाक्य खरं असतं, पण त्याची नोंद नसल्यामुळे दोष त्याच्यावर येतो. त्याला मराठीत मेल लिहू द्या. तसं कंपनीने स्पष्ट सांगायला हवं, आणि मालकांनी स्वतः दोन मेल मराठीत पाठवून सुरुवात करायला हवी. मोबाइलवर मराठीत बोलून टाइप करता येतं. त्यात आकडे आणि पार्टचं नाव तेवढं डोळ्यांनी तपासावं, कारण मशिनचा आवाज असेल तर तिथेच चूक होते. कॉम्प्युटरवर विंडोजमध्ये इनस्क्रिप्ट कळफलक आधीपासून असतो. युनिकोडमध्येच लिहा; जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की अगम्य अक्षरांची रांग होऊन उघडतो, आणि शोधायला गेलं तर सापडतही नाही. ग्राहकाला त्याचा मेल इंग्रजीत पाठवायचा असेल तर ऑफिसने तो भाषांतर करून पाठवावा. भाषांतराचं साधन वापरलं तर ‘नाही’ आणि दशांश चिन्ह जागेवर आहे का ते माणसाने वाचावं, आणि ग्राहकाचं ड्रॉइंग किंवा दर असला मजकूर अशा फुकटच्या साधनांत टाकू नये.

सुपरवायझरचा मेल असा असला तरी पुरे: ‘विषय: मशिन ३, फिक्श्चर, बोअर बाहेर जातोय. सकाळपासून ४० नगांत ६ नग ०.०२ ने जास्त. फिक्श्चरचा खालचा पिन ढिला वाटतो. तो बदलेपर्यंत मशिन ३ वर हा पार्ट घेऊ नये असं माझं मत. निर्णय आज चारपर्यंत कळवावा.’ यात एक शब्द जास्त नाही, आणि निर्णय घेणाऱ्याला लागतं ते सगळं आहे. त्याला चारच्या आत उत्तर द्या, निर्णय झाला नसेल तर ‘मिळालं, पाचला येऊन बघतो’ एवढं तरी. पहिल्या मेलला उत्तर आलं नाही तर तो दुसरा लिहिणार नाही.